स्क्रीन दिसतेय का सगळ्यांना?

ऑनलाइन मीटिंगमध्ये कुणीतरी "माझी स्क्रीन दिसतेय का सगळ्यांना?" असं विचारतं, तेव्हा तुम्ही शेवटचं उत्तर कधी दिलं होतं? जरा आठवून सांगा. अंगठ्याचं चित्र पाठवलं असेल तर ते मी धरत नाही. माईक चालू करून, स्वतःच्या आवाजात, "हो, दिसतेय" असं तुम्ही कधी म्हणालात?

नसालच म्हणालात. हे मी रागानं नाही, अनुभवानं सांगते. गेली काही वर्षं हा प्रश्न विचारणं हीच माझी नोकरी आहे. डहाणूजवळ मसोलीत एका संस्थेचं दोन खोल्यांचं कार्यालय आहे. ही संस्था पाड्यापाड्यांवर साकव, विहिरी, अंगणवाडीच्या खोल्या बांधते. पैसा मुंबईतल्या एका कंपनीकडून येतो आणि त्या पैशाचं काय झालं हे दर महिन्याला ऑनलाइन मीटिंगमध्ये दाखवावं लागतं. दाखवण्याचं काम माझं. नेमणुकीच्या पत्रात माझं पद 'संगणक सहायक' असं आहे. पाड्यांवर मला स्क्रीनवाली म्हणतात.

तिशीही न गाठलेल्या मुलीनं अनुभवकथन लिहावं याचं काहींना हसू येईल. हसा. पण माझ्याएवढी शांतता तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकली असेल.

आधी ही भानगड काय असते ते सांगते, कारण माझ्या वडिलांना ते अजूनही नीट कळलेलं नाही. मीटिंगमध्ये सगळ्यांचे चेहरे छोट्या चौकटींत दिसतात. त्यातल्या एकानं 'शेअर'चं बटण दाबलं की त्याच्या संगणकावर जे उघडं असेल ते बाकीच्या सगळ्यांना दिसू लागतं. मग तो आकडे दाखवतो, नकाशा दाखवतो, फोटो दाखवतो. दाखवणाऱ्याला मात्र समोरच्यांना काय दिसतंय ते कळत नाही. म्हणून तो विचारतो. म्हणून तो पुन्हा विचारतो.

माझं पद निर्माण झालं ते एका कोथिंबिरीच्या जुडीमुळे. पूर्वी आमचे सर, म्हणजे संस्थेचे संचालक, स्वतःच शेअर करायचे. शेअर करताना आपल्याला एकच कागद दाखवता येतो किंवा अख्खा पडदा दाखवता येतो. सर नेहमी अख्खा पडदा दाखवायचे, कारण ते बटण आधी येतं. एकदा कुपोषणावरचा तक्ता चालू असताना वरच्या कोपऱ्यात सरांच्या घरून बाईंचा निरोप झळकला : "येताना कोथिंबीर आणा. मागच्यासारखी पिवळी नको." सर बोलत राहिले. दुसरा निरोप आला : "वाचून उत्तर का देत नाही?" कंपनीच्या मॅडम, दर महिन्याच्या मीटिंगला त्याच असायच्या, अतिशय शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या, "प्लीज गो अहेड, वी कॅन वेट." पुढच्याच आठवड्यात माझी मुलाखत झाली. सरांनी एकच प्रश्न विचारला, "निरोप बंद करता येतात का?" मी म्हटलं, येतात. नोकरी लागली.

या कामात एकेक गिऱ्हाइकंही भेटली, कारण संस्था अधूनमधून मला इतरांच्या मदतीला पाठवायची. घोलवडचे एक चिकूवाले शेठ कायम लक्षात राहतील. त्यांच्या फळांवर काळे डाग पडत होते आणि कृषी विद्यापीठातल्या तज्ज्ञांशी ऑनलाइन बोलायचं ठरलं होतं. मी सगळं जोडून दिलं, "आता शेअर चालू आहे" म्हटलं, आणि शेठनी खिशातून चिकू काढून संगणकाच्या काचेवर दाबून धरला.

"दिसला साहेब?"

पलीकडे शांतता.

"बेन, तुझा शेअर चालू हाय ना? मग चिकू का नाय जात?"

मी सांगितलं की शेठ, शेअर म्हणजे काचेच्या आतलं जातं, बाहेरचं नाही. बाहेरचं दाखवायला वरचा तो बारीक डोळा आहे, कॅमेरा. शेठनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांना खराब माल विकलाय. "म्हणजे जे खरं हाय ते दाखवायला बारीक डोळा, न जे बनवलेलं हाय त्याला एवढी मोठी काच?" मी तेव्हा हसले. पुढे एका मे महिन्यात हे वाक्य आठवलं तेव्हा हसू आलं नाही.

त्या मे महिन्याकडे जाण्याआधी दोन माणसांची ओळख करून देते.

एक माझे वडील. मी पत्रकांवर वाढले. वडील तलासरीच्या आठवड्याच्या बाजारात सायकल लावून पत्रकं वाटायचे. जमिनीची, मजुरीची, रेशनची, ज्या महिन्यात जो अन्याय असेल त्याची. इतर मुलं बाराखडी शिकली, मी उद्गारचिन्हांपासून सुरुवात केली. वडिलांचा पत्रकाबद्दल एक पक्का नियम आहे. शेवटी वाचणाऱ्याला काहीतरी करायला सांगितलंच पाहिजे. नाहीतर त्या कागदात भजी बांधलेली बरी. कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत मी नोकरी धरली तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले, "दाखवायचं काम आहे ना? मग नीट दाखव."

दुसरा रमेश, आमचा तलासरी भागातला कार्यकर्ता. चांगला माणूस, पण मीटिंगमध्ये तोंड न उघडणारा. "स्क्रीन दिसतेय का?" या प्रश्नाला कुणीच उत्तर का देत नाही, हे कोडं त्यानंच मला सोडवून दिलं.

"सुमनताई, तू नवीन आहेस म्हणून सांगतो. जो 'दिसतेय' म्हणतो त्याचं नाव सरांच्या पडद्यावर वर येतं. मग सर म्हणतात, 'हां रमेश, आहेस ना, मग जरा हे बघ.' मी एकदा म्हणालो होतो दिसतेय. सगळ्या पाड्यांवरच्या शौचालयांचे फोटो काढायचं काम गळ्यात पडलं."

"आणि कुणीच नाही बोललं तर?"

"तर सर म्हणतात, दिसत असणार. आणि पुढे जातात."

असा हा आमच्याकडचा अलिखित कायदा. बघायचं सगळ्यांनी, बोलायचं कुणी नाही. मी याला तांत्रिक अडचण म्हणत नाही. नेटवर्क नसेल तर टॉवर उभारता येतो. माणसं गप्प असतील तर काय उभारणार?

सरांचाही माझ्यासाठी एक कायदा होता. शेअर करणाऱ्यानं बोलायचं नाही. तो माझ्या पहिल्याच महिन्यात झाला. सर मॅडमना सांगत होते की गावकरी समाधानी आहेत, आणि माझ्या तोंडून "कुठले?" असं निघून गेलं. तेव्हापासून मीटिंगमध्ये मला एकच वाक्य बोलायची मुभा होती. कुठलं, ते तुम्हाला एव्हाना पाठ झालं असेल.

आता तो साकव. तलासरीच्या डोंगरकुशीतला एक पाडा, मध्ये ओढा, पलीकडे रस्ता. साकव म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल, माणसं आणि फार तर मोटरसायकल जाईल एवढा. पावसाळ्यात ओढा भरला की पाडा तुटतो. अंगणवाडी पलीकडे, रेशन पलीकडे, दवाखाना पलीकडे. आमच्या संस्थेनं साकव मंजूर करून घेतला, ओढ्यात दोन खांब उभे केले, आणि ठेकेदार दुसऱ्या मोठ्या कामावर निघून गेला. खांब तसेच राहिले. वर काही नाही.

पाड्यावर मंगळीकाकी आहेत, अंगणवाडीतल्या मदतनीस. मी गेले की त्या मला खांबांपर्यंत घेऊन जायच्या. "बघ बाय. येका खांबाला आमी शेली बांधतू. दुसऱ्याला कोनाला बांधू, तुजे सायबाला?" त्या वर्षी त्यांच्या बोलण्यात थट्टा कमी होत चालली होती. त्यांची सून सोनी पोटुशी होती आणि दिवस भरायचे होते ते ऐन पावसात. आदल्या पावसाळ्यात पाड्यातल्या एका बाईला दोन माणसांनी डोलीत घालून छातीभर पाण्यातून नेलं होतं. ती वाचली. काकींना पुन्हा ते बघायचं नव्हतं.

मेमधल्या मीटिंगमध्ये कंपनी कामांचा शेवटचा आढावा घेणार होती. जे अपुरं असेल त्याला मुदत आणि माणूस मिळणार होता. जे पूर्ण असेल त्याची फाइल बंद होणार होती, कायमची. म्हणून आमचा पाडा त्या दिवशी 'अपुरा' दिसायला हवा होता. एवढीच गोष्ट होती. जे आहे ते दाखवायचं.

रमेशला सरांनी ओढ्यावर पाठवलं होतं, गरज पडली तर लाभार्थी हजर असावेत म्हणून. त्याच्या फोनमागे मंगळीकाकी बसल्या होत्या. सर आपल्या खोलीत, मी बाहेरच्या खोलीत, मॅडम मुंबईत, आणि बाकी चौकटींत ठिकठिकाणचे कार्यकर्ते. मीटिंग सुरू होता होता सरांनी मला सादरीकरणाची फाइल पाठवली. आमच्याकडे सादरीकरण नवं कधीच तयार होत नाही. जुनं उघडायचं, गावाचं नाव खोडायचं, नवं लिहायचं. सगळ्याच कार्यालयांत असं होतं, तुमच्याही होत असेल.

मी शेअर केलं. विहीर आली, गेली. अंगणवाडीची खोली आली, गेली. मग पडद्यावर मोठ्या अक्षरांत आमच्या पाड्याचं नाव आलं, पुढे 'तालुका तलासरी', पुढे 'काम पूर्ण', आणि खाली एका सुंदर, रंगवलेल्या, झेंडूच्या माळा घातलेल्या साकवाचा फोटो. साकवामागे सुरूची झाडं. सुरूच्या झाडांपुढे बांबूंवर रांगेनं वाळत घातलेले बोंबील.

तो आमचा नरपडचा साकव होता. आदल्या वर्षीच्या उद्घाटनाचा. नाव खोडलं गेलं, फोटो राहिला. बोंबीलही राहिले.

ज्यांनी हा मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. नरपड समुद्रावर आहे. तलासरीचा हा पाडा डोंगरात आहे. तिथे नाचणी वाळते, मिरची वाळते, मोहाची फुलं वाळतात. बोंबील फक्त बाजारातून पिशवीत येतो. अख्ख्या मीटिंगमध्ये हे न कळणारं एकही माणूस नसावं.

"सो धिस वन इज कंप्लीट," सर म्हणाले.

मी ओरडायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. माझ्याही घशाशी आलं होतं. पण मी पगारी माणूस. मी बोलले असते तर ते कार्यालयातलं भांडण ठरलं असतं, सरांनी मला मीटिंगमधून काढलं असतं आणि पुढचा फोटो आला असता. हे पाड्याकडून यायला हवं होतं. आणि पाडा मीटिंगमध्ये होता, रमेशच्या फोनमागे. फक्त रमेशनं माईक चालू करायला हवा होता.

माझ्याकडे दोन हत्यारं होती : माझं ते एक वाक्य आणि माऊसचा बाण.

"माझी स्क्रीन दिसतेय का सगळ्यांना?"

शांतता.

मी बाण उचलला आणि बोंबलांवर नेला. एका बोंबलावरून दुसऱ्यावर. मग सगळ्या रांगेभोवती एक मोठं वर्तुळ काढलं.

"सुमन, बाण स्थिर ठेव," सर म्हणाले.

मी स्थिर ठेवला. बोंबलावर.

"स्क्रीन नीट दिसतेय ना सगळ्यांना? मागचं पण?"

शांतता. चौकटींत सगळे चेहरे होते. एकानं चहाचा घोट घेतला. एकानं चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा फोटो पाहिला आणि खाली बघू लागला. रमेशच्या चौकटीत रमेश होता. त्याच्या डोळ्यांत बोंबील स्पष्ट दिसत होते. माईकवर तांबडी रेघ, म्हणजे बंद.

"दिसत असणार," सर म्हणाले. "नेक्स्ट."

नेक्स्ट म्हटलं की मी पुढचं पान आणायचं असतं. मी आणलं नाही. फोटो मोठा करण्याचं बटण दाबलं. बोंबील पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लटकले.

"रमेश," मी म्हटलं. हे माझ्या परवानगीच्या वाक्यात नव्हतं. "रमेश, तुला स्क्रीन दिसतेय का?"

रमेश हलला नाही. पण नाव घेतल्याबरोबर त्याच्या मागून एक हात आला, बांगड्यांचा. काकींना वाटलं की आपल्यालाच विचारतायत. त्यांनी रमेशचा फोन ओढला आणि त्या ओढाओढीत माईकवर बोट पडलं.

"दिसतं गो बाय, येवढा मोठा दिसतं! पन हे बोंबील कोनाचं?"

सगळ्या चौकटी दचकल्या.

"आमचे ओढ्यावर बोंबील कदी आलं? आन हा साकव कोनाचा? आमचा नाय. आमाला दोन खांब दिल्यान, बस!"

सर सावरले. मॅडम मुंबईच्या इंग्रजी बोलणाऱ्या, त्यांना हे काय कळणार, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. "मॅडम, शी इज अ बेनिफिशियरी," सर म्हणाले. "शी इज सेइंग शी इज व्हेरी हॅपी."

मॅडमनी चष्मा काढला.

"नाही म्हणाल्या त्या तसं," मॅडम स्वच्छ मराठीत म्हणाल्या. "बोंबील कोणाचे, असं विचारतायत. मी दादरला वाढलेय हो. बोंबील मला लांबून कळतो."

सरांच्या चौकटीत सरांचा फोटो झाला. नेटवर्क गेलं की काय, असं मला वाटलं. गेलं नव्हतं.

"खरं सांगायचं तर मघाशीच दिसले होते मला," मॅडम पुढे म्हणाल्या. "म्हटलं, असतील तिकडे."

इतकी शिकलेली, पैसे देणारी बाई, तीही आमच्याच कायद्यात सापडली होती! मग एकेक माईक उघडायला लागले. विहीरवाले म्हणाले, आम्हालाही दिसले होते. अंगणवाडीवाले म्हणाले, आम्हाला वाटलं नेटवर्कमुळे दिसतायत. नेटवर्कमुळे बोंबील!

"मावशी, तुमचा साकव दाखवता का?" मॅडमनी विचारलं.

आणि मी माझ्या नोकरीतलं सर्वांत चांगलं काम केलं. शेअर बंद केला. फोटो गेला, मोठी काच रिकामी झाली आणि त्या जागी रमेशच्या फोनचा बारीक डोळा मोठा होऊन आला. घोलवडच्या शेठची मला तेव्हा आठवण झाली. काकींनी फोन वळवला. पडद्यावर कोरडा ओढा, त्यात दोन खांब. एका खांबाला खरोखर शेळी बांधलेली. ती कॅमेऱ्याकडे बघून ओरडली. त्या दिवशी रमेशच्या आधी ती बोलली, असं मी नंतर सगळ्यांना सांगायचे.

मग काकींनी सोनीला पुढे ओढलं. सोनी लाजून पदरात तोंड लपवत होती.

"ही माजी सून. पावसात हिचे पोटात दुखाया लागलं, तं तुमचे बोंबलावर बसवून नेऊ का हिला?"

मॅडमनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मॅडमनी फाइल बंद केली नाही. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला फोन गेला, नंतर त्यांचा अभियंता येऊन ओढ्यात उभा राहिला. खांबांवर लोखंड चढलं, स्लॅब पडला. पाऊस आला तेव्हा स्लॅब मुरावा म्हणून वर घातलेली भिजवलेली पोती अजून तशीच होती. सोनी साकवावरून स्वतःच्या पायांनी चालत गेली, काकी एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात सुनेचं मनगट धरून. मुलगी झाली. शेळीची मात्र गैरसोय झाली, खांब पाण्यात गेला.

सरांना मी चोर म्हणणार नाही. पत्रकात म्हटलं असतं, अनुभवकथनात म्हणत नाही. त्यांनी मला नंतर केबिनमध्ये बोलावलं. "दोन रिकामे खांब दाखवले असते तर कंपनीनं हातच काढून घेतला असता, अशी भीती वाटली गं. पावसाळ्यानंतर गुपचूप पूर्ण करणार होतो."

"पावसाळ्यानंतर सोनीला काय उपयोग होता, सर?"

त्यांनी समोरची फाइल उघडली आणि मिटली. त्यांनाही सवय नव्हती, माईक चालू असताना उत्तर द्यायची. माझी नोकरी राहिली. बाण मात्र माझ्याकडून काढून घेतला आणि पुढच्या महिन्यात सरांनी पुन्हा स्वतः शेअर केलं. सगळ्यांना कळलं की बाईंना आता मेथी हवी आहे. त्याच्या पुढच्या महिन्यात बाण परत आला.

एक मात्र मला अजून टोचतं. काकींच्या बोटानं माईक उघडला म्हणून साकव झाला. ते बोट चुकून पडलं. एवढी माणसं डोळे उघडे ठेवून बसली होती, मीही त्यांच्यात होते, आणि एका पाड्याचा रस्ता एका बोटाच्या घसरण्यावर सोडला होता. वडिलांना हे सांगितलं तेव्हा मला वाटलं ते बाणाचं कौतुक करतील. ते म्हणाले, "बाण ठीक आहे. पण पुढच्या वेळी तोंडानं बोल."

बोलते आता. आणि रमेशही बोलतो. त्या मेनंतरच्या एका मीटिंगमध्ये मी नेहमीचा प्रश्न विचारला आणि पलीकडून आवाज आला, "दिसतेय. साकव दिसतोय. पण त्याला कठडा नाही, तेही दिसतंय." सर लगेच म्हणाले, "हां रमेश, आहेस ना? मग कठड्याचं तूच बघ."

तर वडिलांच्या नियमाप्रमाणे शेवटी तुम्हाला काम सांगते. उद्या, परवा, जेव्हा कधी तुम्ही मीटिंगमध्ये बसाल आणि पलीकडून कुणीतरी विचारील की स्क्रीन दिसतेय का सगळ्यांना, तेव्हा दुसरं कुणी बोलेल म्हणून थांबू नका. माईकवरची तांबडी रेघ काढा. दिसतेय तर 'दिसतेय' म्हणा, आणि काय दिसतंय तेही सांगा. डोंगरात बोंबील दिसत असतील तर बोंबील म्हणा. पुढचं काम तुमच्या गळ्यात पडेल, हे अगदी खरं आहे.

पडू द्या.